पेप्टाइडांचे शुद्धीकरण : औषधाची शुद्धता आणि पाण्याचे रक्षण

गोव्याच्या उत्तर टोकास, पेडणे तालुक्यात, अरबी समुद्राच्या काठी हरमल हे गाव वसलेले आहे. येथील एक निसर्गविशेष गावकऱ्यांच्या व प्रवाशांच्या चांगल्या परिचयाचा आहे. डोंगराच्या पायथ्याशी, समुद्राच्या लाटांपासून हाकेच्या अंतरावर, गोड्या पाण्याचे एक तळे आहे. तळे व समुद्र यांच्यामध्ये वाळूचा पट्टा तेवढा आहे. खारे व गोडे पाणी निसर्गाने येथे एकमेकांशेजारी, परंतु एकमेकांपासून अलग ठेवले आहे. ही दोन पाणी एकदा मिसळली, तर त्यांतून पुन्हा गोडे पाणी मिळविण्यास बराच खटाटोप व बरेच इंधन लागेल, हे सांगावयास शास्त्रज्ञाची गरज नाही. मिसळणे फुकट होते. वेगळे करण्याचे मोल द्यावे लागते. औषधनिर्मितीच्या उद्योगातील फार मोठा खर्च नेमका या वेगळे करण्याच्या कामावर होत असतो आणि पेप्टाइड या वर्गातील औषधांच्या बाबतीत तर हे विशेषच खरे आहे.

गोव्यातील जनतेच्या दृष्टीने हा विषय केवळ प्रयोगशाळेतील कुतूहलाचा नाही. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या साहाय्याने २००८ ते २०२० या काळात देशातील ३१ राज्ये व केंद्रशासित प्रदेश यांमध्ये १ लाख १३ हजारांहून अधिक प्रौढ व्यक्तींची पाहणी करण्यात आली. तिचे निष्कर्ष २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यांनुसार देशात मधुमेहाचे प्रमाण ११.४ टक्के आढळले, तर गोव्यात ते २६.४ टक्के, म्हणजे सर्व राज्यांत अधिक, आढळून आले. वीस वर्षांवरील दर चार माणसांत एकाहून अधिक मधुमेही असे हे प्रमाण आहे. मधुमेहावरील इन्शुलीन हे पेप्टाइड वर्गातील औषध होय. अलीकडे ज्यांचा बराच बोलबाला झाला आहे ती लिराग्लुटाइड, सेमाग्लुटाइड ही औषधेही त्याच वर्गातील आहेत. शासकीय रुग्णालये व आरोग्य केंद्रे यांमधून गोव्यात इन्शुलीन मोफत पुरविले जाते. म्हणजेच त्याच्या किमतीचा भार सार्वजनिक तिजोरीवर पडतो. ही किंमत कशात दडलेली आहे, शुद्धता कशास म्हणतात आणि ती मिळविताना कारखान्याच्या मागील दाराने काय बाहेर पडते, हे समजून घेणे म्हणूनच अगत्याचे ठरते.

पेप्टाइड म्हणजे काय?

आपल्या आहारातील डाळी, मासे, अंडी यांमधील प्रथिने ही ॲमिनो अम्ले नावाच्या लहान रेणूंची माळ असते. निसर्गात प्रामुख्याने वीस प्रकारची ॲमिनो अम्ले या कामी वापरली जातात. माळ फार लांब असेल तर तिला प्रथिन म्हणतात, आखूड असेल तर पेप्टाइड. या दोहोंमधील सीमा काटेकोर नाही. साधारणतः पन्नासच्या आसपास ती मानण्याची पद्धत आहे. इन्शुलिनात ५१ ॲमिनो अम्ले असून ती दोन साखळ्यांत विभागलेली आहेत व गंधकाच्या बंधांनी एकमेकींस जोडलेली आहेत. माळेतील मण्यांचा क्रम हेच पेप्टाइडाचे सर्वस्व होय. डुकराचे इन्शुलीन मानवी इन्शुलिनाहून एकाच मण्याने भिन्न आहे, तर गाईबैलांचे तीन मण्यांनी.

अडचण आहे ती हीच. साखर व वाळू वेगळी करावयाची तर पाणी घालून गाळणे पुरे होते, कारण दोहोंचे स्वभाव पूर्णतः भिन्न आहेत. परंतु हवे असलेले पेप्टाइड आणि त्यात मिसळलेले नको असलेले पेप्टाइड ही बहुधा सख्खी भावंडे असतात. एखादा मणी गळालेला, एखादा दोनदा ओवला गेलेला, एखाद्या मण्याचे टोक किंचित बदललेले, एवढाच काय तो फरक. इन्शुलिनाच्या एका साखळीच्या टोकाशी असलेला अमाइड गट पाण्याशी होणाऱ्या क्रियेने निघून गेला, तर तयार होणाऱ्या रेणूच्या वजनात एका हायड्रोजन अणूइतकाच फरक पडतो. साडेपाच हजारांहून अधिक एकक वजनाच्या रेणूत एका एककाचा फरक! धान्यातील खडे निवडणाऱ्या गृहिणीला भाताच्या दाण्यांतून भाताचेच, पण एक कण कमी असलेले दाणे निवडावयास सांगावे, तसा हा प्रकार आहे.

टोरांटो येथील दोन इंजेक्शने

शुद्धीकरणाचे महत्त्व पटविण्यास इन्शुलिनाच्या जन्मकथेइतके समर्पक उदाहरण दुसरे नाही. कॅनडातील टोरांटो येथे १९२१ मध्ये फ्रेडरिक बँटिंग व चार्ल्स बेस्ट यांनी कुत्र्यांच्या स्वादुपिंडापासून रक्तातील साखर उतरविणारा अर्क मिळविला, हे सर्वश्रुत आहे. ११ जानेवारी १९२२ रोजी टोरांटोच्या रुग्णालयात लिओनार्ड थॉम्पसन या चौदा वर्षांच्या, मरणपंथास लागलेल्या मुलास गुरांच्या स्वादुपिंडापासून केलेल्या अर्काचे इंजेक्शन देण्यात आले. अर्क तपकिरी व गढूळ होता. साखर थोडीशीच उतरली आणि टोचलेल्या जागी गळू झाले. उपचार थांबवावा लागला. औषध अर्कात होते. पण त्याच्यासोबत जे नको ते सर्वही होते.

यानंतरचे काम जेम्स कॉलिप या रसायनशास्त्रज्ञाने केले. त्याने अर्कात अल्कोहोल थोडेथोडे वाढवीत नेले. एका मर्यादेपर्यंत अल्कोहोल वाढविले असता इतर बहुतेक प्रथिने साका होऊन तळाशी बसतात व इन्शुलीन विद्रावातच राहते. अल्कोहोलाचे प्रमाण सुमारे नव्वद टक्क्यांच्या वर नेले की इन्शुलीनही खाली बसते, असे त्यास आढळून आले. या दोन मर्यादांच्या मधला पट्टा त्याने पकडला. २३ जानेवारी रोजी त्याच मुलास हा शुद्ध केलेला अर्क देण्यात आला. त्याच्या रक्तातील साखर चोवीस तासांत ५२० वरून १२० पर्यंत उतरली. तोच रोगी, तोच रोग, तेच मूळ द्रव्य. दोन इंजेक्शनांमधील बारा दिवसांत बदलली ती केवळ शुद्धता.

बँटिंग व बेस्ट यांची नावे शाळकरी मुलांनाही ठाऊक असतात, कॉलिपचे नाव मात्र क्वचितच घेतले जाते. शुद्धीकरणाचे काम करणाऱ्यांच्या वाट्याला बहुधा असेच यश येते. या कथेचा पुढील भाग तर कारखानदारांनी लक्षात ठेवण्याजोगा आहे. लहान भांड्यात साधलेली कृती मोठ्या भांड्यात करू जाता कॉलिपला काही आठवडे इन्शुलीन मुळी मिळेनासेच झाले आणि तोवर रोग्यांचा पुरवठा खुंटला. प्रयोगशाळेतील यश आणि कारखान्यातील यश या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हा अनुभव पेप्टाइडांच्या बाबतीत आजही येतो.

त्याच वर्षी अमेरिकेतील लिली कंपनीच्या जॉर्ज वॉल्डन याने विद्रावाची आम्लता एका ठराविक बिंदूवर आणली असता इन्शुलीन आपोआप खाली बसते, हा गुण उपयोगात आणला. जॉन एबेल याने १९२६ मध्ये इन्शुलिनाचे स्फटिक मिळविले आणि जस्ताच्या उपस्थितीत हे स्फटिक हमखास तयार होतात असे १९३४ मध्ये दिसून आले.

मिठागर व स्फटिकीकरण

स्फटिकीकरण ही शुद्धीकरणाची सर्वांत जुनी व अनेक दृष्टींनी सर्वांत स्वस्त रीत होय. हरमलपासून फार दूर नसलेल्या आगरवाडा येथील मिठागरांत ती पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली आहे. भरतीचे पाणी वाफ्यांत घेतले जाते, उन्हाने ते आटते आणि मिठाचे दाणे तळाशी धरू लागतात. समुद्राच्या पाण्यात मिठाबरोबर मॅग्नेशियमचे कडू क्षारही असतात. परंतु मिठाचे कण स्फटिकात रचले जाताना परक्या कणांना सहसा थारा देत नाहीत. कडवट पाणी वर राहते, ते सोडून दिले जाते. पाणी पूर्ण आटू दिले तर मात्र कडवटपणा मिठात उतरतो. केव्हा थांबावयाचे, हे मिठागरातील अनुभवी कामगारास नजरेने कळते.

इन्शुलिनाच्या निर्मितीत आजही अखेरच्या टप्प्यावर जस्तासह स्फटिकीकरण करतात. यात मुख्यतः पाणी, थोडे क्षार व आम्लतेचे नियंत्रण एवढ्यावर काम भागते. विषारी विद्रावकाचा वापर नगण्य. तथापि बहुसंख्य पेप्टाइडे इतकी समंजस नसतात. त्यांच्या माळा लवचीक असल्याने त्या शिस्तीत रचल्या जात नाहीत, आणि भावंडांसारख्या अशुद्धी स्फटिकात सहज घुसतात. त्यामुळे केवळ स्फटिकीकरणावर विसंबता येत नाही व पुढील, अधिक खर्चाच्या मार्गाकडे वळावे लागते.

वर्णलेखन

हा मार्ग म्हणजे वर्णलेखन. रशियन वनस्पतिशास्त्रज्ञ मिखाईल त्स्वेत याने विसाव्या शतकाच्या आरंभी खडूच्या भुकटीने भरलेल्या काचेच्या नळीतून पानांचा रस सोडला, तेव्हा त्यातील निरनिराळी रंगद्रव्ये वेगवेगळ्या रंगांचे पट्टे होऊन नळीत उतरू लागली. वर्णलेखन हे नाव तेथून आले. आज शुद्ध केल्या जाणाऱ्या पेप्टाइडांस बहुधा कोणताच रंग नसतो, नाव मात्र टिकून आहे.

आधुनिक पद्धतीत पोलादी स्तंभामध्ये सिलिकाचे अत्यंत बारीक कण ठासून भरलेले असतात. मिलिमीटरच्या शंभराव्या भागाएवढ्या या कणांच्या पृष्ठभागावर अठरा कर्बाणूंच्या साखळ्या चिकटविलेल्या असतात, त्यामुळे कण जणू तेलात बुडविल्यासारखे होतात. पेप्टाइडांचे मिश्रण पाण्यातून या स्तंभात सोडले की ती या तेलकट कणांना धरून बसतात. मग पाण्यात ॲसिटोनायट्राइल या विद्रावकाचे प्रमाण हळूहळू वाढवीत नेतात. ज्याची पकड कमी ते पेप्टाइड आधी सुटते, ज्याची अधिक ते मागाहून. बाहेर पडणारा प्रवाह लहान लहान अंशांत गोळा करतात, प्रत्येक अंशाची तपासणी करतात आणि पुरेसे शुद्ध अंश एकत्र करतात. रेणूंची पकड नीटस राहावी म्हणून विद्रावकात ट्रायफ्लुओरोॲसेटिक अम्ल अल्प प्रमाणात मिसळण्याची प्रथा आहे.

या पद्धतीचा रोग्यांना झालेला लाभ फार मोठा आहे. स्फटिकरूप इन्शुलीन म्हणजे शुद्ध इन्शुलीन, अशी चाळीस वर्षे समजूत होती. १९६० नंतरच्या वर्णलेखनाच्या तपासणीत ती खोटी ठरली. त्यात इन्शुलिनाचे पूर्वरूप व इतर प्रथिने दर दहा लाख भागांत दहा हजार भागांपर्यंत, म्हणजे एक टक्क्यापर्यंत, आढळत. १९७० च्या दशकात कारखान्यांनी वर्णलेखनाचा अवलंब केल्यावर पूर्वरूपाचे हे प्रमाण दर दहा लाखांत दहा भागांच्या खाली आले. इंजेक्शनाच्या जागी त्वचेखालील चरबी झडून खड्डे पडण्याचा जो त्रास अनेक मधुमेही मुकाट्याने सोसत असत, तो त्यानंतर मोठ्या प्रमाणावर नाहीसा झाला.

शुद्धतेची किंमत

भारतात प्रचलित असलेल्या दहा मिलिलिटरच्या, प्रति मिलिलिटर ४० एकके असलेल्या कुपीत ४०० एकके इन्शुलीन असते. वजनाच्या भाषेत ते सुमारे १४ मिलिग्रॅम, म्हणजे चिमूटभरही नव्हे, इतके भरते. एक किलोग्रॅम इन्शुलिनातून अशा सुमारे ७२ हजार कुप्या भरता येतील. जनावरांच्या स्वादुपिंडापासून इन्शुलीन काढले जात असे तेव्हा एक पौंड इन्शुलिनासाठी सुमारे आठ हजार पौंड ग्रंथी लागत. १९८२ मध्ये सूक्ष्मजीवांकडून तयार करून घेतलेले मानवी इन्शुलीन उपलब्ध झाल्यावर कत्तलखान्यावरील अवलंबन संपले. महाराष्ट्रात तत्कालीन औरंगाबाद, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगर येथे वोखार्ट कंपनीने यीस्टच्या साहाय्याने असे इन्शुलीन तयार करून २००३ मध्ये बाजारात आणले.

सूक्ष्मजीवांखेरीज दुसरा मार्ग रासायनिक संश्लेषणाचा. रॉबर्ट ब्रूस मेरिफील्ड याने १९६३ मध्ये पेप्टाइडाची माळ बारीक मण्यांसारख्या घन आधारावर एकेक ॲमिनो अम्ल ओवीत तयार करण्याची युक्ती प्रसिद्ध केली व तीबद्दल १९८४ चे नोबेल पारितोषिक मिळविले. नवी मुंबईत तुर्भे येथे पेप्टाइडे तयार करणारी हेमो फार्मास्युटिकल्स ही कंपनी २०२१ मध्ये पिरामल उद्योगसमूहाने घेतली, यावरून या क्षेत्रास आलेले महत्त्व ध्यानात यावे.

ओवण्याच्या या कामातील गणित मात्र कठोर आहे. समजा, प्रत्येक मणी ९९ टक्के यशस्वीपणे ओवला गेला. ऐकावयास हे उत्तमच वाटते. परंतु ३१ मण्यांची माळ करावयाची तर ओवण्याच्या तीस पायऱ्या होतात आणि प्रत्येक पायरीवर शंभरातील एक गळत गेल्यास अखेरीस निर्दोष माळा सुमारे ७४ टक्केच उरतात. बाकीच्या २६ टक्क्यांत कोठे ना कोठे उणीव असते व तो सर्व भार शुद्धीकरणावर येऊन पडतो. यशाचे प्रमाण ९९ वरून ९९.५ टक्के केले, तर निर्दोष माळा ८६ टक्क्यांपर्यंत जातात. शुद्धीकरण सुलभ करण्याचा पहिला उपाय शुद्धीकरणाच्या आधीच करावयाचा असतो तो असा.

प्रत्येक पायरीनंतर आधार धुवावा लागतो आणि अखेरीस वर्णलेखनाच्या स्तंभातून पाणी व विद्रावकाचे पूर वाहवावे लागतात. अमेरिकेतील हरित रसायनशास्त्राच्या एका गटाने औषध कंपन्यांकडील माहितीवरून २०२४ मध्ये केलेल्या हिशेबानुसार अशा रीतीने एक किलोग्रॅम पेप्टाइड तयार करण्यास सरासरी सुमारे १३ हजार किलोग्रॅम कच्चे द्रव्य, विद्रावक व पाणी खर्ची पडते. सामान्य लहान रेणूंच्या औषधांसाठी हाच आकडा साधारण १६८ ते ३०८ किलोग्रॅम असा आहे. एका किलोग्रॅमपैकी बाकीचे जवळजवळ तेरा हजार किलोग्रॅम जातात कोठे, हा प्रश्न ज्या गावांच्या विहिरी कारखान्यांच्या आसपास आहेत त्यांनी विचारला तर तो गैरवाजवी म्हणता येणार नाही.

यांपैकी ॲसिटोनायट्राइल शरीरात गेल्यास सायनाइडाची निर्मिती होते, म्हणून तयार औषधात त्याचा अवशेष दर दहा लाखांत ४१० भागांहून अधिक असू नये असा आंतरराष्ट्रीय दंडक आहे. संश्लेषणात धुण्यासाठी वापरले जाणारे डायमिथिल फॉर्मामाइड गर्भास अपायकारक असल्याने युरोपीय संघाने डिसेंबर २०२३ पासून त्याच्या वापरावर कडक मर्यादा घातल्या. ट्रायफ्लुओरोॲसेटिक अम्ल तर निसर्गात जवळजवळ विघटितच होत नाही. पाण्यात गेले की पाण्यातच राहते. पुरवठ्याचाही प्रश्न आहे. ॲसिटोनायट्राइल हे कृत्रिम धागे व प्लॅस्टिक यांसाठी लागणाऱ्या ॲक्रिलोनायट्राइलच्या उत्पादनातील दुय्यम पदार्थ होय. २००८ मध्ये जागतिक मंदीमुळे मुख्य पदार्थाची मागणी घटताच त्याचा जगभर तुटवडा पडला आणि त्याची झळ २००९ मध्येही प्रयोगशाळांना पोहोचली. मोटारी खपेनाशा झाल्या म्हणून औषधे शुद्ध करणे अडावे, असा हा विचित्र योग होता.

हुर्राक, फेणी आणि मधला अंश

या परिस्थितीवर योजल्या जाणाऱ्या उपायांपैकी सर्वांत कल्पक उपाय समजावून घेण्यास पेडण्याच्या काजूच्या भट्टीचे उदाहरण उपयोगी पडेल. काजूच्या बोंडांचा आंबविलेला रस भट्टीवर चढविला की प्रथम हुर्राक मिळते. ती तशीच संपविली जात नाही. आंबलेल्या रसात मिसळून पुन्हा भट्टीवर चढविली जाते, तेव्हा फेणी उतरते. आधीच्या खेपेचे अर्धे काम पुढच्या खेपेत मिसळून पूर्ण करणे, हे त्यातील मर्म.

वर्णलेखनात पेप्टाइडाचा पट्टा स्तंभातून बाहेर येताना त्याच्या मधला भाग शुद्ध असतो. परंतु पुढील व मागील कडांमध्ये शेजारची भावंडे मिसळलेली असतात. कडा घ्याव्यात तर शुद्धता जाते, टाकाव्यात तर माल जातो. पूर्वापार पद्धतीत या कडा बाजूस ठेवून पुढे केव्हातरी पुन्हा शुद्ध केल्या जातात किंवा सरळ टाकल्या जातात. झुरिक येथील तंत्रविद्यापीठात मासिमो मोर्बिडेली यांच्या गटाने विकसित केलेल्या पद्धतीत दोन स्तंभ जोडीने चालतात. पहिल्या स्तंभातील मधला शुद्ध अंश बाहेर काढला जातो आणि दोन्ही कडा आपोआप दुसऱ्या स्तंभात, नव्या मालासोबत सोडल्या जातात. मग दुसऱ्याच्या कडा पहिल्यात. चक्र चालू राहते. शुद्धता न घटविता हाती येणारा माल वाढतो आणि दर किलोग्रॅममागे लागणारा विद्रावक कमी होतो. यंत्रसामग्री महाग व नियंत्रण गुंतागुंतीचे असल्याने लहान कारखान्यांना ती लगेच परवडेल असे नाही, हेही नमूद केले पाहिजे.

दुसरा उपाय विद्रावक परत मिळविण्याचा. ॲसिटोनायट्राइल व पाणी यांचे मिश्रण उकळून वेगळे करू गेल्यास एक अडथळा येतो. सुमारे ७६ अंश सेल्सियसला ८४ टक्के ॲसिटोनायट्राइल व १६ टक्के पाणी यांची वाफ एकत्रच निघते व साध्या ऊर्ध्वपातनाने ती पुढे शुद्ध होत नाही. दाब बदलून दोनदा ऊर्ध्वपातन केल्यास किंवा पाणीच तेवढे पार जाऊ देणारे पडदे वापरल्यास हा अडथळा ओलांडता येतो. मात्र बहुतेक कामात पाणी मिश्रित विद्रावकच लागत असल्याने ८४ टक्क्यांचे मिश्रणही पुष्कळदा तसेच पुन्हा उपयोगात आणता येते. जाळून टाकण्यापेक्षा हे केव्हाही श्रेयस्कर, कारण त्यातील नायट्रोजन ज्वलनात हवा दूषित करणारे वायू निर्माण करतो.

तिसरा उपाय विद्रावकच बदलण्याचा. अनेक पेप्टाइडे ॲसिटोनायट्राइलऐवजी इथाइल अल्कोहोलने व ट्रायफ्लुओरोॲसेटिक अम्लाऐवजी ॲसेटिक अम्लाने, म्हणजे व्हिनेगरातील अम्लाने, स्तंभातून उतरविता येतात. अल्कोहोल अधिक दाट असल्याने स्तंभावरील दाब वाढतो व पट्टे थोडे पसरतात; थोडी उष्णता देऊन ही उणीव काही अंशी भरून काढता येते. कॉलिपने १९२२ मध्ये मुख्यतः अल्कोहोल व पाणी यांवर भागविले होते, हे येथे आठवल्यावाचून राहत नाही. याखेरीज विद्युत्‌भारानुसार रेणू निवडणारे आयन विनिमयाचे स्तंभ मुख्यतः पाण्यावर चालतात. ढोबळ अशुद्धी त्यांनी आधीच दूर केल्या, तर अखेरच्या महागड्या स्तंभावरील भार हलका होतो. आकारमानानुसार रेणू गाळणारे सूक्ष्म पडदे, तसेच निर्दोष माळेसच आकडा अडकवून ती तेवढी पकडून ठेवण्याच्या युक्त्या यांवरही काम चालू आहे.

सागरी पेप्टाइडे

गोव्यास या विषयाशी जोडणारा आणखी एक धागा समुद्रातून येतो. हरमलपासून काणकोणपर्यंतच्या खडकाळ किनाऱ्यांवर मिळणारे शिनाणे गोमंतकीयांच्या आवडीचे. दोनापावला येथील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेतील शास्त्रज्ञांनी या हिरव्या शिनाण्यांच्या मांसातील प्रथिनांचे विघटन करून औषधी उपयोगाचा अर्क बनविण्याची पद्धत विकसित केली आहे. अशा अर्कात शेकडो लहान पेप्टाइडे एकत्र असतात. त्यांतील नेमके कोणते गुणकारी, हे ठरविण्याचा मार्ग पुन्हा वर्णलेखनाच्या स्तंभातूनच जातो. शंकूच्या आकाराच्या विषारी समुद्री गोगलगाईंच्या विषातील पेप्टाइडांवर मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत के. एस. कृष्णन् व बंगलोरच्या भारतीय विज्ञान संस्थेत पी. बलराम यांनी आपल्या सहकाऱ्यांसह संशोधन केले. अशाच एका गोगलगाईच्या विषातील २५ ॲमिनो अम्लांच्या पेप्टाइडापासून तयार झालेले झिकोनोटाइड हे तीव्र वेदनांवरील औषध अमेरिकेत २००४ मध्ये मान्य झाले. ते संश्लेषणाने बनविले जाते, गोगलगाई मारून नव्हे.

नियम आणि रुग्ण

गोव्यातील औषध कारखाने प्रामुख्याने तयार गोळ्या, कुप्या आदी बनविणारे आहेत. पेप्टाइडांचे मूळ द्रव्य येथे बनू लागल्यास विद्रावकांचा प्रश्न दारात येईल. घातक कचऱ्याविषयीच्या २०१६ च्या नियमांनुसार वापरलेले विद्रावक हा घातक कचरा समजला जातो. त्याची नोंद, साठवण व वाहतूक यांचे बंधन कारखान्यावर असून प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या परवानगीने त्याचा पुनर्वापर करण्याची तरतूदही नियमांत आहे. सत्तरी तालुक्यात पिसुर्ले येथे घातक कचऱ्यासाठी सामाईक केंद्र आहे. तथापि तेथे कमीत कमी कचरा जावा, हेच शुद्धीकरणाच्या नव्या पद्धतींचे प्रयोजन आहे.

शुद्धतेच्या आकड्याबाबत नागरिकांनी एक खबरदारी घेणे आवश्यक आहे. वजन उतरविणारी वा शरीर कमावणारी म्हणून काही पेप्टाइडे ‘संशोधनापुरती’ असे लेबल लावून, ‘९९ टक्के शुद्ध’ अशी जाहिरात करून परस्पर विकली जातात. वर्णलेखनातील ९९ टक्के हा आकडा बहुधा फक्त पेप्टाइडांची आपसांतील तुलना दाखवितो. कुपीत पाणी व क्षार किती, जंतूंचे अवशेष आहेत किंवा कसे, ती निर्जंतुक आहे की नाही, यांविषयी तो काहीही सांगत नाही. लिओनार्ड थॉम्पसनला झालेले गळू अशाच दुर्लक्षित सोबत्यांमुळे झाले होते. डॉक्टरांच्या चिठ्ठीवाचून व परवानाधारक औषधविक्रेत्यावाचून अशी द्रव्ये टोचून घेणे धोक्याचे आहे.

कारखान्याने मोठ्या कष्टाने मिळविलेली शुद्धता घरीही गमावली जाऊ शकते. उष्णतेने इन्शुलिनातील अमाइड गट गळतात व रेणू एकमेकांस चिकटून तंतू बनतात; म्हणजे स्तंभाने वेगळी काढलेली भावंडे कुपीत पुन्हा जन्मास येतात. न उघडलेली कुपी २ ते ८ अंश सेल्सियसला ठेवावी, पण गोठू देऊ नये. वापरात असलेली कुपी साधारणतः चार आठवड्यांत संपवावी. जे साधे इन्शुलीन मुळात पाण्यासारखे स्वच्छ असते, ते गढूळ दिसल्यास वापरू नये. शीतकपाट नसलेल्या वा वीज खंडित होणाऱ्या घरांत ओल्या वाळूत ठेवलेल्या मातीच्या मडक्यात, प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून, कुपी सावलीत ठेवल्यास उन्हाळ्यातही तापमान बाहेरच्यापेक्षा काही अंशांनी कमी राहते.